माझ्या कुत्र्यांचे घराणे

गाण्याला घराणे असते, सराफाच्या पेढीला घराणे असते. पण कुत्र्यांना घराणे असते असे म्हटले की ऐकणारा मनुष्य आधी हसतो आणि मग सभ्यपणे विषय बदलतो. वाचकहो, आपणही हसलात तरी माझी तक्रार नाही. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढे तालुक्यात शाळामास्तरकी आणि थोडी कोरडवाहू शेती सांभाळून मी १९९१ पासून कारवानी कुत्र्यांची पैदास करीत आलो आहे. मास्तरकी संपून बरीच वर्षे झाली. कुत्री मात्र सुटली नाहीत. एवढ्या काळात त्यांची एक ओळ अशी तयार झाली आहे की, बाजाराच्या दिवशी एखाद्याच्या मागून तिच्यातले कुत्रे चालले असले तर जाणता माणूस दुरूनच म्हणतो, "हे गुरुजींच्या घरचे दिसते." त्याला ते कशावरून कळते, आणि तसे कळावे म्हणून घरातल्या माणसांना काय काय करावे लागते, हे आज आपल्याला सांगावे असे मनात आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. जात निराळी आणि घराणे निराळे. जात ही हजारो कुत्र्यांची असते आणि ती कोणा एकाची नसते. घराणे म्हणजे त्या जातीच्या आत, एकाच नजरेने पिढ्यान्पिढ्या निवडलेले एक कुटुंब. राग तोच, पण मांडणी आपली. घराणे काढणाऱ्याने जातीबाहेरचे काही घडवायचे नसते. जातीत आधीच विखुरलेले जे चांगले आहे ते एकत्र आणून टिकवायचे असते. हे 'टिकवणे' बोलायला सोपे आहे.

आमची जात कारवानी. सीमेपलीकडे कर्नाटकात हिला मुधोळ म्हणतात. लांब निमुळते डोके, खोल छाती, पाठीला लागलेले पोट, काठीसारखे पाय, आणि नराची खांद्यापाशी उंची सुमारे सव्वादोन फूट. हा कुत्रा वासावर नव्हे, तर नजरेवर शिकार करणारा. उजाड माळावर दूरचा ससा दिसला की मग त्याला धन्याची हाक ऐकू येत नाही. मध्य आशियातून काफिल्यांबरोबर उतरलेल्या कुत्र्यांची ही संतती, असे मानतात. नावाचा उगमही त्यातच सांगतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या कुत्र्यांना आश्रय दिला आणि एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहाला भेट पाठविली, ही हकीकत आपल्यापैकी काहींनी ऐकली असेल. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ मध्ये मुधोळची काही पिल्ले सैन्याच्या मेरठ येथील पशुवैद्यक केंद्रात शिक्षणासाठी गेली. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशी कुत्र्यांविषयी चार शब्द सांगितल्यापासून तर माझ्यासारख्याच्या दूरध्वनीला विसावा नाही.

परंतु या सगळ्या मानसन्मानाच्या आड एक अडचण दडलेली आहे. ज्या कामाने ही जात घडवली ते काम आता उरलेले नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी सशाची शिकार बंद झाली, आणि ती बंद झाली हे योग्यच झाले. पण मग पैदास करणाऱ्याने निवड कशावर करायची? पूर्वी ससाच परीक्षक होता. ज्याचा पंजा खडकाळ रानात फाटतो, ज्याचा दम अर्ध्या वाटेत तुटतो, ज्याची नजर मंद आहे, तो नर आपोआप मागे पडे; कोणाला त्याची जोड लावण्याचे सुचत नसे. परीक्षक गेला की परीक्षेची जागा देखाव्याने घेतली. प्रदर्शनात उंची पाहतात, म्हणून पिल्ले उंच होऊ लागली. चोरून शर्यती लावणारे काही जण ग्रेहाउंडचे रक्त मिसळू लागले. मला दोन्ही नको होते. मला हवे होते ते असे कुत्रे, जे कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी निजेल, शेळीच्या करडाला हुंगून सोडून देईल, परक्या माणसाला पाहून खाटेखाली शिरणार नाही, आणि तरीही माळावर सोडले असता पाहणाऱ्याचा श्वास क्षणभर थांबावा असे धावेल.

यातले तिसरे सर्वांत अवघड. कारवानी हा स्वभावतः बुजरा. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. शिकाऱ्याला त्याचे काही वाटत नसे. पण ज्या घरी पाहुणे येतात, पोस्टमन येतो, मुलांचे मित्र येतात, तेथे घाबरणारे कुत्रे हे चावणारे कुत्रे असते. भीती आणि चावा यांच्यामध्ये फार अंतर नाही.

निवड म्हणजे काय हे मला पुस्तकाने शिकवले नाही. आमच्या भागात ते घरोघर चालते. सुगीच्या आधी माझी आई ज्वारीच्या रानातून फिरे आणि कणसे निवडून त्यांना सुतळीची खूण बांधून ठेवी. ते पुढल्या वर्षीचे बियाणे. सर्वांत मोठे कणीस ती कधी घेत नसे. "बांधाकडचं मोठं असतंच, त्याला पाणी जास्त मिळतंय," असे ती म्हणे. रानाच्या मध्यावर, शेजारच्या ताटांसारखेच हाल सोसून जे कणीस भरले असेल ते ती निवडी. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेली ३५-१ ही ज्वारी अशाच पाहण्यातून निघाली, आणि आटपाडीकडचे खिलार बैलही. कुत्र्यांची पैदास करताना मला आईचे ते वाक्य पुष्कळदा उपयोगी पडले आहे. बंगल्यात अंडी-दुधावर वाढलेला देखणा नर आणि वाड्यावर ताकभाकरीवर वाढलेला साधा नर यांत बीज कोणाचे चांगले, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

माझी पहिली मादी सगुणा. तिला मी ती तीन वर्षांची असताना आणली, आणि त्याच दिवशी शाळेतली जुनी हजेरीची वही काढून तिच्यात नोंद केली. त्या वहीच्या पुढे पाच वह्या झाल्या. प्रत्येक पिल्लाला एक पान. जन्माचे वजन, डोळे कोणत्या दिवशी उघडले, आईने नाळ स्वतः तोडली की आम्हाला तोडावी लागली, हे सगळे त्यात असते. परंतु त्या पानाचा खरा उपयोग पिल्लू घर सोडून गेल्यावर सुरू होतो. कोणाकडे गेले, तिसऱ्या वर्षी कसे होते, आठव्या वर्षी कसे होते, कशाने गेले. पिल्लू देताना मी ज्या काही अटी घालतो त्यांतली पहिली अट पैशाची नाही, पत्राची आहे: दर दिवाळीला चार ओळी लिहून कळवायचे. पूर्वी पोस्टकार्डे येत, आता भ्रमणध्वनीवर छायाचित्रे येतात. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद असा आमच्या घराण्याचा गोतावळा पसरला आहे. आणि ज्यांनी कधी एकमेकांचे तोंड पाहिले नाही अशी ही कुटुंबे सोयऱ्यांसारखी एकमेकांच्या कुत्र्यांची चौकशी करतात.

पिल्लांची पारख करण्याचे काम आमच्या घरी सौभाग्यवतींकडे आहे, आणि ते माझ्यापेक्षा त्यांना चांगले साधते. मी पाय आणि पाठ पाहतो. त्या स्वभाव पाहतात. त्यांची पद्धत साधी आहे. पिल्ले पाच आठवड्यांची झाली की पितळी ताट त्यांच्यापासून दहा हातांवर फरशीवर पडू द्यायचे. सगळीच दचकतात. दचकणे हा दोष नव्हे. पण काही पिल्ले कोपऱ्यात जाऊन तेथेच बसतात, काही थोड्या वेळाने येऊन ताट हुंगतात. कोण किती वेळाने आले हे वहीत जाते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या पाच जातींवर वर्षानुवर्षे प्रयोग करून १९६५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या मनावर जन्माचा ठसा उमटवतो, असे त्यांना आढळले. तेव्हा भित्रेपणा काही रक्तातून येतो आणि काही त्या नऊ आठवड्यांतून. आमच्याकडे त्या काळात पिल्ले स्वयंपाकघराच्या दारात असतात. भांड्यांचे आवाज, नातवंडांचा गोंधळ, गिरणीचा पट्टा, सगळे त्यांच्या कानावर पडते. एवढे करूनही जे ताटापाशी येत नाही ते पिल्लू चांगल्या घरी देतो, पण त्याची जोड लावीत नाही. घराण्यात कोणाला घ्यायचे यापेक्षा कोणाला घ्यायचे नाही हे ठरवण्यातच माझा अधिक काळ गेला आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. एका गुणाच्या मागे लागले की न मागितलेलेही पदरात येते. रशियात नोव्होसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ पासून रुपेरी कोल्ह्यांवर एकच प्रयोग केला: जे कोल्हे माणसाला कमीत कमी घाबरतात त्यांचीच पैदास करायची. थोड्याच पिढ्यांत कोल्हे शेपटी हलवू लागले. पण त्यांच्याबरोबर अंगावर पांढरे ठिपके आले, कान लोंबू लागले, शेपट्या वळल्या. कोणी ते निवडले नव्हते. म्हणून आम्ही ताट पाडतो खरे, पण त्याच पिल्लांना चौथ्या महिन्यात माळावर नेऊन मोकळे सोडून पाहतोही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

घराणे 'दिसू' लागायचे तर नात्यात जोड लावावी लागते. त्याला दुसरा मार्ग नाही. सारखेपणा हा सारख्या रक्तातूनच येतो. त्याची किंमतही ठरलेली आहे आणि ती गणिताने सांगता येते. सख्ख्या चुलत भावंडांची जोड लावली तर पिल्लाच्या जनुकांच्या दर शंभर जोड्यांपैकी सरासरीने ६.२५ जोड्या अशा निघतात की, त्यांतील दोन्ही जनुके एकाच पूर्वजाच्या एकाच जनुकाची नक्कल असतात. सावत्र भावंडांत हाच आकडा १२.५ होतो, बाप आणि मुलगी, किंवा सख्खे भाऊबहीण, यांत २५. बीजात दडलेला दोष एकेरी असतो तोवर पुष्कळदा झोपलेला राहतो. दुहेरी झाला की जागा होतो. म्हणून नात्यातली जोड ही उसनवारी आहे. गुण लवकर हाती येतो आणि व्याज पुढची पिढी भरते.

सगुणेची नात चंद्री हिला २००३ साली जतकडून आणलेल्या एका नरापासून झालेला वारू हा आमच्या घराण्याचा शिरोमणी. फिक्या गव्हाळ रंगाचा, उभा राहिला की चित्रासारखा, आणि स्वभाव असा की लहान मुलाने कान ओढला तर तो फक्त मान वळवी. त्याचा बाप चौथ्या वर्षीच रस्त्यावर मोटारीखाली गेला होता. वारूने एका प्रदर्शनात पहिले बक्षीस घेतले आणि लोक माद्या घेऊन दारात येऊ लागले. बाहेरच्यांना मी नाही म्हणत होतो. आमच्याच माद्यांपासून त्याची सहा वेते झाली, अडतीस पिल्ले. पाहणारे म्हणत, आता घराण्याला तोंडवळा आला.

२००८ च्या उन्हाळ्यात बडोद्याहून एका गृहस्थांचा दूरध्वनी आला. त्यांचा कुत्रा, वारूचा मुलगा, वय अडीच वर्षे, पहाटे झोपेत कडक झाला, तोंडाला फेस आला, पाय सायकल चालवल्यासारखे हलू लागले, आणि दोन मिनिटांनी उठून तो घरातल्या माणसांकडे परक्यासारखा पाहू लागला. महिन्याभरात पुन्हा तसेच. पशुवैद्यांनी अपस्मार सांगितला आणि फेनोबार्बिटलच्या गोळ्या सुरू केल्या. एका कुत्र्याला फेफरे आले तर त्याची कारणे अनेक असू शकतात. परंतु चार महिन्यांच्या आत बेळगावहून तसाच निरोप आला. पिल्लू वारूचेच, पण आई निराळी. दिवाळीच्या पत्रांत तिसरा आला.

कारण न सापडणारा अपस्मार कुत्र्यांत बहुधा सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत कधीही डोके वर काढतो, आणि पुष्कळ जातींत तो वंशातून उतरतो. आमच्या जातीसाठी रक्त तपासून आधी सांगणारी चाचणी नव्हती. म्हणजे एखादा नर निर्दोष आहे असे म्हणायला एकच साधन होते, आणि ते म्हणजे काळ.

मी वही काढून बसलो. वारूला स्वतःला कधी झटका आला नव्हता. त्याची एकोणीस मुले-मुली दोन वर्षांच्या आतली होती; त्यांच्याबद्दल काहीच सांगता येत नव्हते. सौभाग्यवती शेजारी बसून तांदूळ निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "एकट्या वारूला दूषण देऊ नका. दोन्ही माद्या आपल्याच होत्या. दोघींची पणजी सगुणा." त्या वाक्याने हिशेबच बदलला. जतकडच्या नराच्या माथी सगळे मारून मोकळे होता आले असते. पण दोष आमच्या ओट्यावरचाही असू शकत होता.

त्याच सुमारास एक व्यापारी आला. वारू विकत नाही तर निदान वर्षभर भाड्याने द्या, असे त्याचे म्हणणे. त्याने सांगितलेली रक्कम माझ्या वर्षाच्या पगाराच्या जवळ जाणारी होती. मी त्याला झटक्यांची हकीकत सांगितली. तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, झटका तीन वर्षांनी येतो. तोवर विचारायला कोण येतंय?" मनुष्य वाईट नव्हता, त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. बाजाराचा हिशेब असाच आहे. पिल्लू दोन महिन्यांचे असताना विकले जाते आणि दोष तिसऱ्या वर्षी दिसतो. या दोहोंमधल्या काळात ज्याचे पान कोऱ्या वहीत असते, त्याला काही ठाऊकच होत नाही. वारूची नसबंदी त्याच आठवड्यात सोलापूरला करून घेतली. सर्व अडतीस घरांना पत्रे गेली: आपल्या कुत्र्याची जोड लावू नये, आणि झटका आल्यास असे असे करावे. काही जण रागावले. एकाने पिल्लू परत आणून सोडले. त्याला कधीच काही झाले नाही आणि ते तेरा वर्षे आमच्या अंगणात राहिले. वारू २०१५ पर्यंत जगला, आणि शेवटपर्यंत त्याच्यावरून पाहुण्यांची नजर हलत नसे.

या निर्णयाने आमची दोन तृतीयांश कुत्री पैदाशीतून बाद झाली. जे उरले ते थोडके: चंद्रीचा भाऊ शेरा, वय नऊ, आजतागायत धडधाकट आणि त्याची अकरा प्रौढ मुले तशीच, आणि वारूशी संबंध नसलेल्या दोन माद्या. एवढ्यावर पुढे जायचे तर पुन्हा भावाबहिणींचीच जोड. तेव्हा एकतर थांबायचे, नाहीतर बाहेरचे रक्त आणायचे. बाहेरचे रक्त म्हणजे तेरा-चौदा वर्षांचा तोंडवळा पुसून टाकणे. घरात यावर पुष्कळ दिवस बोलणे झाले. मुलगा म्हणाला, "बाबा, मग हे घराणे कशाने म्हणायचे? रंगाने की वहीने?"

या बाबतीत मला धीर दिला तो डाल्मेशियन कुत्र्यांच्या इतिहासाने. त्या ठिपकेदार जातीत युरिक आम्लाचा एक दोष सर्वत्र पसरला होता. त्याने मूत्रमार्गात खडे होत. शुद्ध रक्ताचे एकही निर्दोष कुत्रे उरले नसल्याने आतल्या आत निवड करून तो निघण्यासारखा नव्हता. अमेरिकेतील आनुवंशशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३ मध्ये एका पॉइंटरशी एकदाच संकर केला आणि मग दर पिढीला डाल्मेशियनचीच जोड लावली. गणित पाहा: पहिल्या पिढीत पॉइंटरचे रक्त निम्मे, मग पाव, मग १२.५ टक्के, मग ६.२५, मग ३.१२५. निर्दोष जनुक तेवढे दर वेळी जपायचे. १९८१ मध्ये त्यांतील दोन कुत्र्यांची अमेरिकन केनेल क्लबमध्ये नोंद झाली. पण शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी दार पुन्हा लावून घेतले, आणि ते उघडायला २०११ साल उजाडले. रोगट शुद्धतेचा अभिमान माणसाला किती वर्षे पुरतो, हे यावरून दिसते.

२००९ चा अख्खा उन्हाळा मी मंगळवेढे, जत आणि इंडी यांच्यामधल्या धनगर वाड्यांवरून फिरलो. पिल्ले दाखवायला सगळे तयार असत. मी म्हाताऱ्या कुत्र्यांना पाहायला मागत असे, त्याचे त्यांना नवल वाटे. जतच्या अलीकडे एका वाड्यावर सहा वर्षांची एक मादी होती. रंगाने काळी, कानांवर केस, दिसायला ओबडधोबड, कागदपत्र कसले? पण तिची आई चौदाव्या वर्षी, जागच्या जागी, दात शाबूत असताना गेलेली. आणि तिच्या सहा भावंडांपैकी पाच आसपासच्या वाड्यांवर कामाला होती. मी एकेका वाड्यावर जाऊन ती पाचही पाहिली. मादीच्या मालकाला म्हणालो, "मामा, ही मला द्या. म्हणाल ती किंमत."

"इकायची न्हाई ती, गुरुजी," मामा म्हणाले. "पर तुमचा नर घेऊन या. पिल्लं वाट्यानं घिऊ. पहिली निवड माझी."

शेराचे वय झाले होते. चारच पिल्ले झाली. मामांनी आठ आठवडे ती रोज पाहिली आणि एके सकाळी दोन उचलली. त्यांतले एक मी मनात धरलेले होते. ते कशावरून निवडले असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "मेंढरं उठली की हे बी उठतंय. बाकीची आईकडं बघत्यात." माझ्या वहीत या गोष्टीला रकाना नव्हता, आता आहे.

आमच्या वाट्याला आलेल्या मादीचे नाव मैना. तिला पाहून जुने ओळखीचे लोक हळहळले. पाठीवर काळी झूल, कान मोठे, शेपटीला झालर. "गुरुजी, घराणं बुडालं," असे एकाने तोंडावर सांगितले. परंतु मैनेचे पाऊल पाहण्यासारखे होते: बोटे घट्ट मिटलेली, तळवा जाड. आमच्या जुन्या कुत्र्यांचे पंजे मुरमाड रानात फाटत. हिचा कधी फाटला नाही. आणि परका माणूस आला की ती त्याच्याकडे चालत जाऊन दोन हातांवर उभी राही, पुढे नाही, मागे नाही. घरी कोणीही शिकवले नव्हते. २०१२ मध्ये तिची जोड आमच्या दुसऱ्या फांदीतल्या नराशी लावली, आणि त्या वेतापासून जुना तोंडवळा हळूहळू परतू लागला. आज घरात जी पिल्ले आहेत त्यांच्यात वाड्यावरच्या त्या काळ्या मादीचा हिस्सा कागदोपत्री सोळावा आहे. पाऊल मात्र जवळजवळ सगळ्यांचे तिचेच. बाजारात लोक आमची कुत्री ओळखतात ती चालीवरून. ती चाल वारूची नाही, तिची आहे. २०१९ मध्ये इंडीकडून पुन्हा एकदा बाहेरचे रक्त आणले, आणि तीन-चार पिढ्यांनी पुन्हा आणावे लागेल अशी नोंद मुलासाठी करून ठेवली आहे.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे: नर सहा वर्षांचा होईतो त्याची जोड लावायची नाही, आणि मादी तीन वर्षांची होईतो नाही. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केले, त्यांत मादी अठरा महिन्यांच्या आत फळवू नये, वर्षात एकाहून अधिक वेत घेऊ नये, जन्मात पाचाहून अधिक घेऊ नयेत, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये असे आहे. पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणीही केली पाहिजे. आपल्यापैकी कोणी पिल्लू घेणार असाल तर विकणाऱ्याला नोंदणीचा कागद मागा, आणि त्याहून अधिक आग्रहाने पिल्लाच्या आजीला पाहायला मागा. आजी दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्या दारातून परत फिरावे. आई तरुण असते, ती चांगलीच दिसते.

सहा वर्षे थांबणे हे पैशाच्या दृष्टीने आतबट्ट्याचे आहे, यात शंका नाही. नराला सहा वर्षे ज्वारीची भाकरी, ताक, अंडी, आठवड्यातून एकदा मटण घालायचे आणि मग सहाव्या वर्षी असे काही दिसावे की त्याचे पान मिटून ठेवावे. असे दोनदा झालेही. त्यांतल्या एकाचा गुडघा कच्चा निघाला. दुसरा अंगाने निर्दोष होता, पण फटाक्यांच्या आवाजाने दिवाळीत दोन दिवस गोठ्यातून बाहेर येत नसे. हा दुसरा माझ्या सर्वांत लाडका. तो या क्षणी माझ्या पायांशी झोपला आहे.

सध्या आशा बाजीवर आहे. मैनेच्या नातीचा हा मुलगा सहा वर्षे पूर्ण करून सातव्यात चालतो आहे. त्याची तीन भावंडे इंदूर, हैदराबाद आणि पुणे येथे आहेत, आणि गेल्या दिवाळीची तिन्ही पत्रे चांगली आहेत. त्याच्यासाठी जी मादी योजली आहे ती इंडीकडच्या रक्ताची असल्याने नात्याचा आकडा तीनच्या आत बसतो. ती माजावर आली की जोड लावू. तेथून त्रेसष्ट दिवस, आणि पुढे आठ आठवडे. एका कुटुंबाने या वेतातल्या पिल्लासाठी दोन वर्षे वाट पाहिली आहे. त्यांना मी कळवले आहे की, पिल्लू मिळेल. पण तोवर आपल्या अंगणाचे कुंपण सहा फूट करून घ्यावे, कारण पाच फुटांवरून आमची कुत्री उभ्या जागेवरून उडी मारतात, आणि मैनेकडची तर पळत न येताही मारतात.